कान माझे, कोंबड्या तिच्या

६ फेब्रुवारी ९८, शुक्र.

जैबून काल दुपारच्या एसटीनं मांडवगणला गेली. नसीमचं दुसरं बाळंतपण. मुलगी झाली, दोघी ठीक. नसीमची सासू स्वतःच अंथरुणात, तेव्हा चाळीस दिवस आईनंच निभवायचे. म्हणजे १६ मार्चपर्यंत घरात मी, सात कोंबड्या आणि एक कोंबडा. मुलगा इरफान दौंडला दुकान सांभाळतो. रविवारी येतो, आला तर.

जैबूननं आठ दिवस आधीपासून माझी शिकवणी घेतली. मी म्हटलं, अगं, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरतोय. दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या कोपऱ्यावर दुसऱ्याच्या टपरीत झाडू मारत शिकलो, आज तिथंच आपलं पक्कं दुकान आहे. विहिरीवर मोटार चालू झाली की बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय ते ओट्यावर बसून सांगतो. सात कोंबड्या म्हणजे काय?

म्हणाली, "मुर्गी मोटार नै जी." (हे घरातल्या बोलीत. बाकी मराठीतच लिहितो, हाताला तीच सवय.)

मुख्य काम काळीचं. काळी म्हणजे हिच्या अम्माच्या शिरूरच्या दारातली. अम्मा गेल्या तेव्हा भावांनी भांडी वाटून घेतली, हिनं दोन कोंबड्या मागितल्या. एक गेल्या साली मानमोडीच्या साथीत गेली, काळीची पिल्लंही त्यातच. उरली ही एकटी. वय झालंय. उन्हाच्या आधी एकदा अंड्यावर येईल, पुढच्या वर्षी येईलच असं नाही. तिची अंडी वेगळी काढून ठेवायची आणि बोडकी खुडूक झाली, म्हणजे घालायचं थांबवून नुसती बसायला लागली, की तिच्याखाली मांडायची. बोडकी बसायला खंबीर.

"अम्माच्या दारातलं एवढंच राहिलंय. एवढं करा, दुसरं काय मागत नाही."

एसटी सुटताना खिडकीतून अजून काहीतरी सांगत होती. मी मान हलवली. खरं म्हणजे लक्ष इंजिनात होतं. टॅपेट वाजत होता आणि ड्रायव्हरला पत्ता नव्हता.

७ फेब्रु., शनि.

खुराड्याची व्यवस्था पाहिली. व्यवस्था कसली? कोपऱ्यात भुशाची एक पाटी, सगळ्या पाळीपाळीनं तिच्यातच घालतात. पाटीत एक अंडं जुनं, वर कोळशानं रेघ ओढलेली. कानाशी हलवलं, आत पाणी वाजलं. महिन्याचं तरी असणार. उकिरड्यावर फेकलं. पाटी धुतली, उन्हात वाळवली, भुसा नवा भरला. बायकांना कामाचा उरक असतो, पण सिस्टीम नसते.

अं. ४. (आकडा रोज खाली टाकणार.)

९ फेब्रु., सोम.

अं. २. कालही २. काळीचं एकही नाही. तिचं लगेच ओळखू येतं. लहान, टोकाला निमुळतं, दूध जास्त झालेल्या चहासारखा रंग.

पाटीत फक्त तांबडी बसते. बाकीच्या येतात, मान तिरकी करून आत बघतात, निघून जातात. पाटी तीच, जागा तीच, भुसा कोरा करकरीत. काय पाहिजे यांना, गालिचा?

१० फेब्रु., मंगळ.

पावणेनऊ. शेडमध्ये माझ्या पिंपावर बसून चहा पीत होतो. (जुन्या डिझेल इंजिनाचं पाण्याचं पिंप. आडवं टाकून वर फळी आणि पोतं घातलंय. पाच वर्षं माझी गादी ती.) तेवढ्यात काळी ओरडली. अंडं घालून झाल्यावरचं ओरडणं, त्यात चूक नाही. कॉक् कॉक् कॉक्, मग एकदम वर चढून कडॉऽक्. शेवग्याच्या अंगाला, वीस पावलं. कप ठेवून पळालो. काळी कुडाशी उभी. गवत, दगड, तुटकी बादली, सगळं उलथं केलं. काही नाही. ती उभी राहून बघत होती. मी हात थांबवला की पुन्हा ओरडायची, जणू "अजून शोधा".

अं. १.

११ फेब्रु., बुध.

आज आवाज हौदामागून. पळालो. नाही. थोड्या वेळानं कवडी कोंबडी जळणाच्या ढिगाकडून ओरडली. तिकडं पळालो. नाही. कोंबडा मध्येच बांग देऊन मोकळा. त्याचा काय संबंध?

आवाजावरून जागा चुकली असं माझं आयुष्यात झालेलं नाही. पारगावच्या बागायतदारानं एकदा पैज लावली होती, डोळे बांधून पाच मोटारींतली जळकी ओळखा. ओळखली. आणि इथं दीड किलोची कोंबडी मला परसात गोल गोल फिरवते.

अं. ०. सात कोंबड्या, अं. ०.

१२ फेब्रु., गुरु.

शेजारच्या धोंडाआक्का कुडावरून दोन दिवस माझी पळापळ बघत होत्या. सत्तरीच्या. तरुणपणी मेंढरांमागं सगळा मुलूख फिरल्या, आता घरचा ऊस. जनावर, पाखरू यातलं त्यांना न कळणारं काही नाही, आणि ते सांगायची त्यांना हौसही आहे.

"मिस्त्री, काय हरीवलं?"

"अंडं."

"मग वरडण्यामागं काय पळताय? कोंबडी अंड्यावरनं उठती, गुमान लांब जाती आन् मग बोंबलती. घरातच उभं ऱ्हाऊन वरडाया ती काय माणूस हाय?"

म्हणजे दोन दिवस मी तिनं मुद्दाम दाखवलेल्या दिशेला पळत होतो.

"मग आमची जैबून कशी काढते अंडी?"

"चाचपून सोडती."

"काय चाचपून?"

आक्का इतक्या हसल्या की कुडाला धरलं त्यांनी. मग सांगितलं. सकाळी सोडायच्या आधी एकेक कोंबडी धरायची, करंगळीला तेल लावायचं, पाठीमागनं चाचपायचं. आत अंडं लागलं तर ती डालग्याखाली, अंडं घालेपर्यंत सुटका नाही. न लागलं तर मोकळी.

तेहतीस वर्षं संसार केला. रोज सकाळी जैबून खुराड्यापुढं माझ्याकडं पाठ करून बसते. मला वाटायचं, कोंबड्यांशी बोलते.

अं. १.

१३ फेब्रु., शुक्र.

केलं. नखं काढली, खोबरेल लावलं, आक्कांना दिसू नये म्हणून मध्ये पोतं टांगलं.

तांबडीनं सदरा खराब केला. जुम्म्याचा धुतलेला सदरा. बोडकीनं अंगठा फोडला. कवडीला लागलं असं वाटलं, तिला डालग्याखाली कोंडलं. संध्याकाळपर्यंत बसली, अंडं नाही. जिला "नाही" म्हणून सोडली तिनं दहा मिनिटांत उकिरड्यावर घातलं आणि ते कावळ्यानं नेलं, माझ्या डोळ्यांदेखत.

काळी हाती लागतच नाही. ती खुराड्यात झोपत नाही, शेडच्या वाशावर बसते. सकाळी जैबून खाली उभी राहते आणि ती तिच्या खांद्यावर उतरते. मी खाली उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघून जागा बदलली.

पोत्यापलीकडून आवाज: "जमतंय का वो?"

अं. २.

१४ फेब्रु., शनि.

यासीनमियाँ, जावई, अचानक दारात. पेढे घेऊन. नातीचं नाव जैनब ठेवलं.

जावई आलाय आणि घरात बाई नाही. वांग्याची भाजी वाढू? ब्रॉयलर आणलं तर ते काही बोलणार नाहीत, पण नसीमच्या कानावर जाईल. कोंबड्यांना हात लावला तर जैबून मलाच खुराड्यात घालील. राहिला कोंबडा. रोज मुअज्जिनच्या आधी बांग, तीही बेसूर. अंडं देत नाही. खातो दोघींचं. कापला.

"अब्बा, कशाला त्रास घेतला," म्हणत दोनदा वाढून घेतलं. वाटीभर रस्सा आक्कांकडं पाठवला. मसाला माझ्या हातचा, पण जमला.

बऱ्याच दिवसांनी परस शांत. विहिरीवरची मोटार कशी स्वच्छ ऐकू येते.

अं. २.

१६ फेब्रु., सोम.

आक्का वाटी परत द्यायला आल्या.

"रस्सा ग्वाड व्हता. कोंबडा कुठनं आणला?"

"घरचाच."

वाटी हातातच राहिली त्यांच्या. "तुमचा? तुऱ्याचा? आवो, माझ्या चार कोंबड्या त्येच्याच जिवावर व्हत्या की!"

गेल्या तावातावानं. मला कळेना. अंडी कोंबडी देते. पोल्ट्रीत हजारो कोंबड्या असतात, एक कोंबडा नसतो. शास्त्र आहे. म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार.

अं. १.

२० फेब्रु., शुक्र.

किराणा दुकानातून निरोप, मांडवगणचा फोन. जैबून. नात रात्रंदिवस झोपते, नसीमला भूक लागते, सगळं छान. मग मुद्द्यावर.

"काळीची किती झाली?"

"होताहेत."

"किती?"

"अगं, मोजायला इथं वही कुठाय." दुकानदार माझ्याकडं बघत होता.

"रेघेचं अंडं हाय ना पाटीत? ते हलवायचं नाही. ते बघून बाकीच्या तिथं घालतात. एसटीत बसल्यावर खिडकीतून सांगितलं होतं."

टॅपेट.

"आहे," म्हणालो.

"आणि कोंबडा कसाय?"

"मजेत."

मग म्हणाली, "बरं."

घरी येऊन उकिरडा उकरला. दोन आठवड्यांनी तिथं काय असणार?

अं. १.

२१ फेब्रु., शनि.

विचार केला. कोंबडीला पाटीत अंडं दिसलं पाहिजे, एवढीच अट. खरंच पाहिजे असं कुठं आहे? खरं ठेवलं की तांबडी फोडते. शेडमधला फ्यूज गेलेला झिरोचा बल्ब आणला, पांढरा. पितळी टोपण भुशात खुपसलं, डोकं वर ठेवलं. हुबेहूब. कोळशानं रेघही ओढली.

२३ फेब्रु., सोम.

अं. ४! बल्बाशेजारी मांडून घातलेली. चाळीस वर्षांत बल्बाचा हा उपयोग कुणाला सुचला नसेल. आक्कांना दाखवायला नेलं. (राग गेला नाही अजून, पण आल्या.) म्हणाल्या, "लाईट लागंल का त्यात?"

काळीचं मात्र त्यात नाही. तिची जागा कायमची बदललेली दिसते. नऊ तारखेपासून धरलं तर आठ-नऊ अंडी तिनं कुठंतरी घातलीत. ओरडते रोज. मी आता पळत नाही. पिंपावर बसून ऐकतो नुसता आणि दात-ओठ खातो.

२५ फेब्रु., बुध.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्या घरची मोटार घेऊन आले. वाइंडिंग बघता बघता सहज विचारलं, कोंबड्याशिवाय अंडी होतात ना?

"होतात की."

आक्कांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा वदवून घेतलं.

मग म्हणाले, "खायला. पिल्लं नाही निघत त्यातून. कोंबडा गेल्यावरही आठ-दहा दिवस निघतात, कधी दोन आठवडे. तिच्या पोटात बीज टिकतं तेवढं. मग बंद. का हो?"

"सहज."

कोंबडा १४ ला कापला. आज २५. काळीची पहिली पाच-सहा अंडी धडकी असतील. आताची शंकेची. उद्याची फुकट. आणि हे सगळं कुठं आहे ते मला माहीत नाही.

पोल्ट्रीचं शास्त्र मी स्वतःच काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

२७ फेब्रु., शुक्र.

बोडकी खुडूक झाली. पिसं फुगवून पाटीत बसली, हात नेला की चिडते. कशावर बसलीय? बल्बावर. तीन वेळा उठवली, तीन वेळा परत. जैबूननं सांगितलेलं सगळं झालं. बोडकी तयार, पाटी तयार. फक्त अंडी नाहीत.

काळी सकाळी ओरडली नाही. संध्याकाळी वाशावर आली नाही.

२८ फेब्रु., शनि.

काळी नाही. सगळं परस, आक्कांचा गोठा, हौद. उसाच्या कडेला तीन-चार काळी पिसं. मुंगूस मी परवाच बघितलं होतं तिथं. कुठला आवाज आला नाही. मला कसा आला नाही?

१ मार्च, रवि.

इरफान दौंडच्या बाजारातून नवा कोंबडा घेऊन आला. पांढरा, उंच, देखणा. कोंबड्यांनी त्याला खुराड्यात पाऊल टाकू दिलं नाही. तांबडीनं हौदापर्यंत हाणत नेला. दिवसभर हौदाच्या कठड्यावर एका पायावर उभा. इरफान म्हणतो, "अब्बा, अम्मीला खरं सांगून टाका." याला काय जातंय सांगायला? हा दौंडला राहतो.

६ मार्च, शुक्र.

फोन. फोन येणार म्हणून कालपासून जीव वर-खाली. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

"काळी कशी हाय?"

पलीकडं बाळ रडत होतं. म्हटलं, आता कशाला. "काळी ना? मजेत."

"अम्माची आठवण येते इथं. नसीमच्या पोरीचं कपाळ अम्माचंच हाय." आणि मग, "पिल्लं निघाली तर एक वाढवून, तलंग झाली की नसीमला द्यायची म्हणते. तिच्याही दारात राहील."

दुकानदारानं विचारलं, "मिस्त्री, पाणी देऊ का?"

९ मार्च, सोम.

अं. ३. कुणाला पाहिजेत.

शेडमागं आज शीट पडलेली. एवढी मोठी, आणि वास असा की मी आधी दुसऱ्याच जनावरावर संशय घेतला. कालही होती बहुतेक. फावड्यानं काढली, शिव्या घातल्या.

११ मार्च, बुध.

पुन्हा. तिथंच. आज आक्कांना बोलावून दाखवली, तुमचं मांजर आवरा म्हणून.

आक्का वाकल्या, बघितली, पदर नाकाला लावला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मिस्त्री, ही खुडूक कोंबडीची हाय. दिसभर धरून ठेवती ती. एकडाव उठती, खाती, पाणी पिती, हे एवढं टाकती आन् परत जाऊन बसती. तुमची बोडकी का?"

बोडकीला तर परवाच टोपलीत बांधून बल्ब काढून घेतला, तिनं नाद सोडलाय.

"मग काळी हाय तुमची. जित्ती हाय."

"आणि पिसं?"

"ती कावळ्याची बी असत्यात. तुम्ही नीट बघितली का?"

नव्हती बघितली. आवाजाची सवय, बघायची नाही. आक्कांना घरात नेऊन चहा केला. कोंबड्यावरचा राग त्यांनी आज सोडला. दोन कप घेतले.

१२ मार्च, गुरु.

सकाळी सातपासून शेडमागं दबा धरून बसलो. अकरा. बारा. नाही. जोहरच्या नमाजाला गेलो, पाऊण तासात आलो. शीट पडलेली. ताजी.

१३ मार्च, शुक्र.

जुम्मा चुकवता येत नाही. आलो. शीट ताजी.

म्हणजे मी मशिदीत गेलो की ही उठते. आक्का म्हणतात, "तुमची येळ तिला पाठ हाय. तुम्हालाच तिची न्हाई."

१४ मार्च, शनि.

टोपी घातली, चपला वाजवत फाटकातून गेलो, फाटक मुद्दाम आपटलं. आक्कांच्या गोठ्यातून वळसा घालून कुडाच्या फटीशी अनवाणी बसलो. आक्का शेजारी, तोंडाला पदर. नमाज घरी पढेन, अल्ला समजून घेईल.

पाच मिनिटं. दहा. कसलाही आवाज नाही. आवाज आला असता तर मी चुकलोच असतो.

माझ्या पिंपामागून काळं डोकं बाहेर आलं.

पिंपाचं बूड माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. मध्ये वीतभर फट. आत पाच वर्षं मीच कोंबलेली जुन्या वाइंडिंगची फीत आणि पिवळा कागद. तिच्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ बसलो. चहा प्यालो, बिडी ओढली, तिच्या नावानं शिव्या दिल्या, तिच्यासाठी दुवा मागितली. बुडाखाली वीतभर अंतरावर ती बसून होती आणि माझ्या कानांना पत्ता नाही.

आत बॅटरी मारली. अकरा अंडी. चहाच्या रंगाची.

आक्का म्हणाल्या, "हात लावू नगा. हलवली की टाकून जाईल." आणि मग पंधरा मिनिटं हसत बसल्या, त्याला इलाज नव्हता.

१५ मार्च, रवि.

काळी २७ ला दिसेनाशी झाली. तेव्हाच बसली असेल तर एकवीस दिवस २० तारखेला भरतात. अकरातली किती कोंबडा असतानाची, किती त्या आठ-दहा दिवसांतली, कुणाला ठाऊक. रेघा ओढायला मी तिथं नव्हतो. म्हणजे होतो, वर बसलेलो.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अंधारात बॅटरीवर धरून बघा, पिल्लू असेल तर काळं दिसतं. काळी उठली तेवढ्यात दोन बघितली. काळं दिसलं. पळत जाऊन सांगितलं. म्हणाले, "पिल्लू मेलेलं असलं तरी काळंच दिसतं. नासलेलंही कधीकधी."

मग बघायचं कशाला?

१७ मार्च, मंगळ.

जैबून आली. स्टँडवरच ठरवलं होतं, घरी नेऊन चहा द्यायचा आणि सगळं एका दमात सांगायचं. फाटकातच थांबली. हौदाच्या कठड्यावर पांढरा एका पायावर.

"हा कोण?"

"ते सांगतो."

"तुऱ्याचं माहीत हाय मला. यासीननं घरी आल्या आल्या सांगितलं, रस्सा छान झाला होता म्हणून."

म्हणजे वीस तारखेला "कोंबडा कसाय" विचारलं तेव्हा तिला माहीत होतं. मी "मजेत" म्हणालो. ती "बरं" म्हणाली. पंचवीस दिवस तिनं ते "बरं" तसंच ठेवून दिलं.

बाकीचंही सांगितलं. रेघेचं अंडं, बल्ब, पिसं, पिंप. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. बुरखा काढला, भिंतीच्या फटीत हात घातला. माझा अंगठा फोडणाऱ्या जातीची ती कोंबडी, हिच्या हाताखाली नुसती कुरकुरली.

"बसली कवा?"

"नक्की नाही सांगता येत."

"कोंबडा कापला त्या आधीची किती?"

"नक्की नाही."

"तुम्हाला नक्की काय माहीत हाय?"

१९ मार्च, गुरु.

काही नाही. आक्का दोनदा येऊन गेल्या. डॉक्टरांनी मोटार न्यायच्या निमित्तानं डोकावून बघितलं. जैबून फटीशी पाटावर बसून तांदूळ निवडते. मी पिंपावर बसत नाही. पोतंही काढून टाकलं, उगीच भार.

२० मार्च, शुक्र.

एकविसावा. सकाळपासून कवच एकाचंही फुटलेलं नाही.

जुम्म्याहून आलो तर जैबून म्हणाली, "निघायच्या आधी एक दिवस आत बोलतात पिल्लं. अम्मा कानाला लावून सांगायची. मला आता ऐकू येत नाही तेवढं बारीक." मग माझ्याकडं न बघता, "तुमच्या कानांचं लई ऐकलंय. लावा."

एकेक अंडं काळीच्या पोटाखालून काढून तिनं माझ्या हातात दिलं. गरम. एवढं गरम असतं हे मला माहीत नव्हतं. पहिलं, काही नाही. दुसरं, माझंच रक्त वाजत होतं. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं, नाही. प्रत्येकाला ती "काय?" विचारायची नाही, नुसता हात पुढं करायची, परत घ्यायची.

सातव्याला नखानं कागद खरवडल्यासारखं. एकदा. श्वास धरला, पुन्हा ऐकलं. नाही. काळी आत सरकली असेल. तिच्याखालीही तोच पिवळा कागद आहे.

पुढची चारही गप्प. सातवं पुन्हा मागून घेतलं. कान लाल होईस्तो लावलं.

"काय?" आता विचारलं तिनं.

"आहे," म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. चाळीस दिवस मी तिला फोनवर जे जे "आहे" म्हणालो, ते सगळं त्या बघण्यात होतं.

"खरं?"

"मला ऐकू आलं." एवढं खरं आहे. काय ऐकू आलं ते नाही सांगितलं.

ती उठली, चुलीतला कोळसा घेऊन आली, त्या अंड्यावर एक रेघ ओढली आणि ते काळीच्या पोटाखाली, अगदी मधोमध सरकवलं. म्हणाली, "रविवारपर्यंत ठेवू. मग बघू."

आता ऊन उतरलंय. मी शेडमध्ये जमिनीवर बसून हे लिहितोय, पिंपाला कान लावून. आत काही वाजत नाही. काळी गप्प आहे. ती गप्प असते तेव्हाच तिच्याजवळ काहीतरी असतं, दीड महिन्यात मी शिकलो ते एवढंच.

पलीकडं पाटावर जैबूनही गप्प आहे.